अठरा पारदर्शक बरण्या

ओट्याखाली ट्रॉल्या बसवायच्या हे माझ्या डोक्यात शेजारणीचं स्वयंपाकघर पाहून आलं, हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही. घरात सांगितलं ते वेगळं. माझी शाळा, सकाळची घाई आणि ओट्याखाली वाकून वाकून मोडलेली माझी कंबर. खरं म्हणजे ओट्याखाली वाकायच्या त्या माझ्या सासूबाई. मी वाकायची ती वर्षातून दोनदा, झुरळांचं औषध मारायला. पण कंबर माझी मोडली होती. मी शिक्षिका आहे, आणि एखादी गोष्ट चार वेळा घोकली की ती खरी होते, यावर माझा विश्वास आहे.

एक आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं लपवून ठेवलं. सासूबाईंना तेव्हा दिसत नव्हतं. काचबिंदू. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्यात अगदी समोरचं तेवढं, तेही धुरकट. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कारण कळलं की स्वयंपाकघर हातातून जाणार, हेही त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला. फळ्याकडे तोंड असतानाही मागे कोण बोरं खातंय ते ओळखणारी मी! एका छताखाली एकवीस वर्षं काढली होती.

बरं, दिसायला काय कमी होतं? चहा गाळताना त्या कपात बोट धरायच्या आणि चहा बोटाला लागला की थांबायच्या. मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला स्वच्छता कधी कळणार? तांदूळ निवडणं त्यांनी सोडून दिलं, म्हणाल्या, आताशा तांदूळ साफच येते. मला त्यात आळस दिसला. एकदा त्या मांडीवर उलटी पोथी घेऊन घडाघडा म्हणत होत्या. मी ती सुलटी करून दिली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. माझं सांगणं रंगतदार असतं, असं तिथे सगळे म्हणतात.

आमच्या ओट्याखाली कडप्प्याचे दोन लांबलचक कप्पे होते, भिंतीपर्यंत खोल. सासूबाई पाटावर बसायच्या, हात आत घालायच्या आणि बोलता बोलता हवा तो डबा बाहेर काढायच्या. मिठाची चिनी मातीची बरणी. साखरेचा पोचा आलेला स्टीलचा डबा. चहापत्ती कुठल्याशा बाळाच्या दूधपावडरच्या डब्यात. ते बाळ म्हणजे माझा नवरा, आणि आता तो देवळीच्या बाजारात बी-बियाणं विकतो. तिखटाच्या डब्याच्या झाकणाला सुतळी. एका डब्यासारखा दुसरा डबा नव्हता. कुणी पाहुणी पाणी प्यायला आत आली की मला त्या कप्प्यांची लाज वाटायची.

ट्रॉल्यांचं ठरलं तेव्हा सासूबाई एकदाच बोलल्या.

"कप्पे तोड नाई तं ओटा तोड, मले काई नाई. पण माह्या हाताखालची जागा हालवू नको."

मी त्यांना समजावलं. समजावणं हा माझा धंदाच आहे. म्हटलं, आई, आता हात आत घालायची गरजच नाही. ओढलं की सगळं आपणहून बाहेर येईल. त्या पाटावरून उठून बाहेर गेल्या. मी त्याला होकार धरला.

मिस्त्री वर्ध्याहून आला. त्यानं टेप काढून ओटा मोजला, उंची मोजली, खोली मोजली, फक्त आमची ताटं मोजली नाहीत. त्याच्याकडे एक वाक्य होतं आणि ते तो दर तासाला म्हणायचा, "म्याडम, ट्रॉली ओढली का सारं दिसते." तीन दिवस ठोकाठोक चालली. कडप्पा फोडला, बाजूला प्लाय लावला, प्लायला चॅनल मारले, चॅनलवर जाळीच्या टोपल्या सरकवल्या. पोळ्यांत भुसा, वरणात भुसा. सासूबाई तिन्ही दिवस चौकटीला हात धरून दारात उभ्या होत्या. मला वाटलं, पाहतायत. शेवटी ताटांची टोपली आली आणि आमचं एकही काठाचं ताट तिच्यात बसेना. मिस्त्री म्हणाला, ताटं नवी घ्या. टोपलीसाठी ताटं घ्यायची, हे मला त्या वेळी अगदी रास्त वाटलं. नवीन संसारात चूक नेहमी जुन्या भांड्यांचीच असते.

आणि अशा देखण्या ट्रॉल्यांत ते डबे ठेवायचे? छे! मी वर्ध्याला जाऊन अठरा बरण्या आणल्या. एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या, आरपार दिसणाऱ्या. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली आणि फळ्यावर लिहिते तसं गोलसर अक्षर काढलं. डबे भंगारवाल्याला दिले. त्यानं चिनी मातीची बरणी तेवढी परत केली; त्याचाही काही दर्जा होता. मी तिच्यात मनीप्लांट लावला.

मग सासूबाईंना हाताला धरून आणलं, एकेक ट्रॉली ओढून दाखवली आणि म्हटलं, बघा आई, आता सगळं कसं दिसतं. त्यांनी पहिल्या बरणीवर हात ठेवला. मग दुसरीवर. मग तिसरीवर. सगळ्या बरण्यांवरून हात फिरवून झाल्यावर म्हणाल्या, "दिसते ना. लय चांगलं दिसते."

पुढचे दीड-दोन महिने त्यांनी काय केलं, ते मला आता कळतं. दुपारी मी शाळेतून आले की त्या स्टुलावर बसून ट्रॉली ओढताना दिसायच्या. ओठ हलत असायचे. मी समजले, जप चाललाय. त्या मोजत होत्या. वरची ट्रॉली, डावीकडून दुसरी साखर, पाचवी मीठ. खालची ट्रॉली, पहिली तूरडाळ. अठराच्या अठरा, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पाढ्यासारख्या पाठ केल्या. शंका आलीच तर चिमूटभर जिभेवर टाकून पाहायच्या. मी नवऱ्याला म्हटलं, आईंची जीभ फार चाळवलीय हल्ली. तो हूं म्हणाला. आमच्याकडे पुरुषांचं मत एवढंच असतं, आणि तेही जेवताना.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आंबील, पुरण, कढी, सोळा भाज्या, खीर, सगळा नैवेद्य सासूबाईंच्या हातचा. लग्न होऊन आल्यापासून मी त्या दिवशी फक्त वाटणं-घाटणं करत आले. कारंजा घाडगे गावाहून नणंद येते. ती दोन वर्षं मागे लागली होती की आईनं आता बसावं, वहिनीनं हातात घ्यावं. सासूबाई उडवून लावायच्या. त्या वर्षी मात्र त्या आठवडाभर आधीपासून दुपारभर ट्रॉलीजवळच बसून होत्या. एखादी चूक झाली की काय होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि नैवेद्य चाखायचा नसतो. रोजच्या स्वयंपाकात त्यांना वाचवणारी जीभ त्या दिवशी कामाची नव्हती. उरला तो फक्त पाढा.

आणि आदल्या दिवशी मी ट्रॉल्या साफ केल्या. सणाचं घर, वर मला सुट्टी. अठरा बरण्या काढल्या, पुसल्या, आणि आल्या तशा परत ठेवल्या. चिठ्ठ्या होत्याच की. चिठ्ठी असल्यावर क्रम कशाला? पोरांना दहा वर्षं क्रम शिकवणाऱ्या बाईचा हा विचार होता.

दुसऱ्या दिवशी सोवळ्यानं सगळं झालं. आरती झाली, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. आमच्याकडे ताटात आधी खीर वाढतात. पहिला घास घेतला आणि पंगतीतला आवाजच बंद झाला. देवीचा प्रसाद, थुंकता येत नाही. कुणी पाणी प्यालं, कुणी कढीत बोट बुडवलं. माझ्या तोंडात समुद्र होता. नणंद माझ्याकडे पाहत म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? हळूच म्हणाली, पण आमच्या घरात हळू बोललेलं आधी ऐकू जातं.

सासूबाई सगळ्यांच्या मागून जेवायला बसल्या. मी खिरीची वाटी उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पहिला घास घेतला. थांबल्या. मग ती वाटी त्यांनी पूर्ण संपवली, बोटानं पुसून. तोवर माझ्या डोक्यात एवढंच होतं की म्हातारीचा ताठा बघा.

पाहुणे गेल्यावर सकाळी मी त्यांना म्हटलं, आई, साखर द्या जरा. खिरीत आपलीच मोजणी चुकली असं धरून त्यांनी वरची ट्रॉली ओढली, नीट मोजून डावीकडून दुसरी बरणी काढली आणि माझ्यासमोर धरली. बरणीवर माझ्याच अक्षरात, गोलसर, ठळक, मीठ लिहिलेलं होतं. माझ्याकडे तोंड करून त्या उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत होते. तो कप, ते तांदूळ, ती उलटी पोथी, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी जपता येईल, आणि इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता पाहिला. शेवटची ओळसुद्धा मला स्वच्छ वाचता आली.

घरी आल्यावर मी फार चांगली सून झाले. आमच्यात सुधारणा होते ती अशी एकाएकी. स्वयंपाकघराबाहेरच्या छपरीत खाट टाकली, उशी दिली, पंखा लावला, आणि ताटलीत लसूण आणून ठेवला. म्हटलं, आई, तुम्ही आता एवढा लसूण तेवढा सोला. बाकीचं मी पाहते.

त्यांनी एक पाकळी घेतली. नखानं साल काढली. मग म्हणाल्या,

"माह्या सासूचे डोये गेले, तवा मीनंच बसवलं होतं तिले इथं. लसूण सोलाले देल्ला. मले वाटे, मी तिची सेवा करून राह्यली."

मी विचारलं, किती वर्षं?

"नऊ. लसूण सोलता सोलताच गेली थे." दुसरी पाकळी त्यांनी हातात घेतली, पण सोलली नाही. "मले अजून सैपाक येते वं."

  मी ताटली उचलली आणि आत नेली.

भंगारवाल्याकडे गेले तर डबे कधीच चपटे होऊन नागपूरला गेले होते. मागच्या अंगणातून चिनी मातीची बरणी उपटून आणली. मनीप्लांट बिचारा बादलीत गेला. गरम पाण्यानं दोनदा धुतली आणि मीठ तिच्यात परत आलं. साखरेसाठी नवा स्टीलचा डबा आणला. सासूबाईंनी तो चाचपला, म्हणाल्या, हा तं कोणाचाई असू शकते, आणि खलबत्त्यातला बत्ता मागितला. नव्याकोऱ्या डब्याला त्यांनी एकाच घावात असा पोचा पाडला की शेजारीण भिंतीवरून डोकावली. तिखटाला सुतळी बांधली. उरलेल्या बरण्यांच्या गळ्यात कुठे चिंधी, कुठे रबर, कुठे माझी फुटकी बांगडी.

मिस्त्रीला बोलावून टोपल्यांत आडव्या पट्ट्या मारायला सांगितल्या, म्हणजे कुठलीही वस्तू आपल्या घरातून हलणार नाही. तो म्हणाला, म्याडम, सारा लुक जाईल. त्याला सासूबाईंनी चहा दिला. कपात बोट धरून, माझ्यासमोर, बिनदिक्कत.

या वर्षीची खीर त्यांनीच केली. चाखली नाही. नणंदेनं दोन वाट्या खाल्ल्या आणि वहिनीनं हातात घ्यावं हा विषय काढला नाही.

ट्रॉल्या अजून तशाच आहेत. पाहुणी पाणी प्यायला आत येते, चिंध्या बांधलेल्या बरण्या पाहते आणि माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते. मी बघू देते. रोज शाळेतून आले की साडी बदलते, ताटली घेते आणि छपरीत खाटेवर बसते. आतून ट्रॉली ओढल्याचा आवाज येतो, आणि पाठोपाठ सासूबाईंचा,

"झाला का नाई वं लसूण?"

झालाच, म्हणते मी, आणि सोलत राहते.