चार इंची स्पीकरमधून आलेली ओळ

या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आले. पिंपळ, पांढरी साडी, उलटी पावलं... शाळेत स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हसायचे. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ध्वनी हा माझा आवडता धडा. त्यामुळे खाली जे लिहितेय ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर मीच पहिली खो-खो हसले असते. खुशाल हसा. पण शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

आम्ही कोलकात्याचे. म्हणजे माझा जन्म इथलाच. वडील, नाना, नोकरीसाठी इथे आले, गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून रिटायर झाले आणि परत जायचं राहूनच गेलं. बालीगंजमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई-नाना आणि मी. आता नाना आणि मी.

इथल्या मराठी मंडळात नाना म्हणजे बडं प्रस्थ. त्यांनी रचलेली अकरा पदं आहेत. गणपतीत दर वर्षी तीच म्हटली जातात. ज्या पोरांना धड मराठी बोलता येत नाही, ‘मी पाणी खाते’ म्हणतात, त्यांनाही ही पदं पाठ. प्रत्येक पदाच्या शेवटच्या ओळीत, जुन्या रीतीप्रमाणे, रचणाऱ्याचं नाव - ‘वामन म्हणे’. वामन म्हणजे नाना. लोक त्या ओळीला नानांकडे बघून हात जोडतात, आणि नानाही मान जराशी झुकवून ते स्वीकारतात.

आई त्यांच्या मागे बसायची, उजव्या हाताला, टाळ घेऊन. तिचं काम ओळ द्यायचं. नाना ऐन वेळी शब्द विसरत. मग अर्धी मात्रा आधी आई मागून हळूच पुढची ओळ सुरू करायची, नाना ती उचलायचे. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. एवढ्या वर्षांत ऐकून ऐकून तिची पाठ झाली असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

तर ही पदं रेकॉर्ड करायची, हे खूळ माझं. दहा बाय अकराच्या माझ्या खोलीत लॅपटॉप, एक माइक, तो लॅपटॉपला जोडायची डबी आणि हेडफोन, एवढाच संसार. भिंतीला गाद्या टेकवून मी पहिल्यांदा नानांना बसवलं तेव्हा आई होती. ती सवयीने त्यांच्या मागे येऊन बसली, आणि सवयीने ओळ देऊ लागली. माइक चांगला, सगळं पकडत होता. एका दुपारी मी वैतागले. म्हटलं, “आई, तुझा आवाज येतोय मध्ये मध्ये. सगळं रेकॉर्डिंग खराब होतंय. तू जरा स्वयंपाकघरात बस.” तिने टाळ खाली ठेवले आणि गेली. दार ओढून घेतलं तेसुद्धा आवाज न करता.

चार महिन्यांनी ती वारली. झोपेत. आणि ती पहिली रेकॉर्डिंग्ज मी त्याआधीच पुसून टाकली होती... ‘खराब’ म्हणून, आणि डिस्क भरली म्हणून. आईच्या आवाजाचा एक तुकडाही माझ्याकडे उरला नाही. तिला फोनवर व्हॉइस मेसेज पाठवायची सवय नव्हती. मी फिजिक्सची बाई, घरात माइक असलेली, आणि आईचा आवाज मी स्वतःच्या हाताने डिलीट केला. याचं मला काय वाटतं ते लिहायला शब्द नाहीत, आणि असते तरी लिहिले नसते.

वर्षाने मंडळाने ठरवलं की गणपतीत नानांचा सत्कार करायचा आणि पदांचा अल्बम काढायचा. मी नानांना पुन्हा बसवलं. या वेळी ते वही बघून गायले. खोलीत आम्ही दोघंच. हे मुद्दाम सांगतेय, नीट लक्षात ठेवा - ही रेकॉर्डिंग्ज आई गेल्यानंतर वर्षभराने केलेली आहेत.

हेडफोनवर मिक्सिंग करून करून कान किटले, म्हणून मॉनिटर स्पीकर घ्यायचं ठरवलं. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी - घरातले साधे स्पीकर आवाज गोड करून ऐकवतात, बेस वाढवतात, चुका झाकतात. मॉनिटर तसं काही करत नाही. जे आहे ते तोंडावर सांगतो. महागड्या जोड्यांची किंमत बघूनच मी इंटरनेट बंद केलं. मास्तरणीच्या पगारात बसतील असे हवेत, आणि खोली एवढीशी, म्हणून पाच इंची नकोत, चार इंची पुरे. शिवाय स्पीकर भिंतीला चिकटूनच ठेवावे लागणार, त्यामुळे हवेचं भोक मागे नको, पुढे हवं. मागे असलं की कोपऱ्यात नुसता घुमारा होतो. निवड करायची रीत अशी की आपल्याला तोंडपाठ असलेलं एक रेकॉर्डिंग न्यायचं आणि प्रत्येक जोडीवर तेच वाजवायचं. मी नानांचं सातवं पद पेनड्राइव्हवर घेतलं आणि चांदनी या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या एका दुकानात गेले.

दुकानदार पन्नाशीचा, पान खाऊन ओठ लाल. त्याला वाटलं मला घरी गाणी ऐकायला हवेत. मी नाही म्हटल्यावर खूश झाला. “ठीक बोला दीदी। ये गाना सुनने का चीज नहीं, ये गलती सुनने का चीज है।”

पहिल्या जोडीवर नाना एकदम रेडिओवरच्या गवयासारखे वाटले. सुरेख. म्हणजे उपयोगाची नाही. दुसरी जोडी त्याच्याकडची सगळ्यात स्वस्त, काळी, प्लास्टिकची. तिच्यावर नानांचा श्वास, घशातली खरखर, वहीचं पान उलटल्याचा आवाज, सगळं उघडं पडलं. आणि दोन ओळींच्या मध्ये काहीतरी पुटपुटल्यासारखं.

दुकानदाराने मान वाकडी केली. “पीछे लेडीज कौन है?”

“कोई नहीं है,” मी म्हटलं. “बगलवाले दुकान का होगा।”

“दुपहर का टाइम, बगलवाला बंद है दीदी।”

मी विषय वाढवला नाही. तिसऱ्या जोडीवर काही ऐकू आलं नाही. मी दुसरी घेतली. चुका दाखवते तीच घ्यायची, असंच सगळे सांगतात.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जोडणी केली. दोन्हींखाली जुनी पाठ्यपुस्तकं रचून कानाच्या उंचीला आणले, समान अंतराचा त्रिकोण मोजपट्टीने जमवला, आणि सातवं पद लावलं. नानांची पहिली ओळ झाली, ते श्वास घ्यायला थांबले, आणि माझ्या मागून, उजव्या बाजूने, अर्धी मात्रा आधी -

‘तेल सरले तरी...’

आणि समोरून नाना - ‘तेल सरले तरी वात तेवू दे.’

मी वळून पाहिलं. मागे कपाट.

दोन स्पीकर समोर असताना आवाज मधोमध आल्यासारखा वाटू शकतो, हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. पण समोरच्या दोन साध्या स्पीकरमधून आवाज तुमच्या पाठीमागून यावा, याचं चित्र मला काढता येत नाही. मी डावा बंद केला, आवाज गेला. उजवा बंद केला, गेला. दोन्ही चालू केले, आला. वायरी बदलल्या. हेडफोनवर ऐकलं, नाही. स्क्रीनवर त्या जागी सरळ रेष, नुसता नानांचा श्वास. फोन समोर धरून रेकॉर्ड केलं, मग मागे कपाटाशी धरून केलं. त्यात फक्त नाना.

म्हटलं, झालं, डोकं फिरलं. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मीरादी हातात पोळपाट घेऊन दारात. आईच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेली, तिला मासिमा म्हणणारी बाई, मराठीचा एक शब्द येत नाही.

“दीदी... मासिमा गान कोरछेन ना?” मासिमा गातायत ना, असं विचारून तिने पोळपाट तसाच छातीशी धरून दाराला पाठ टेकली. रडायला लागली.

भीती? अजिबात नाही. मला हाव सुटली. शाळेतून चारला घरी यायचं, चहासुद्धा न घेता खोलीत जायचं आणि अकराच्या अकरा पदं ओळीने लावायची. प्रत्येक थांब्यावर ती होती. तोच किंचित सर्दी झाल्यासारखा आवाज, ‘र’ वर जरासा रेंगाळणारा. मी माफी मागितली. रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, “आई, चुकलं माझं, तू बस इथेच.” उत्तर आलं नाही. ती फक्त ओळ देत होती.

पाचव्या दिवशी मला ऐकू आलं ते आधीच का आलं नाही, कुणास ठाऊक. शेवटच्या ओळीला नाना गातात, ‘वामन म्हणे आता येथेच राहू दे.’ आई मागून ओळ देत होती ती अशी - ‘इंदू म्हणे.’

आईचं नाव वसुधा. पण ते लग्नातलं. वाईहून ती इथे आली तेव्हा ताटात तांदूळ पसरून सासरचं नाव लिहिलं गेलं, आणि आधीचं संपलं. इंदू तिला फक्त मामा म्हणायचा, वर्षातून एकदा, भाऊबीजेच्या फोनवर.

मी सगळी पदं पुन्हा लावली. अकराही ठिकाणी इंदू. आणि मात्रा मोजल्या. इंदू, चार. वामन, चार. एक काढून दुसरं घातलं तर चालीला कुठे धक्कासुद्धा लागत नाही.

त्याच संध्याकाळी नानांना खुर्चीवर आणून बसवलं. काही न सांगता सातवं पद लावलं. पहिल्याच ओळीला त्यांनी मान मागे वळवली, उजवीकडे. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. शेवटची ओळ झाली तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. दचकल्याचा नव्हता. पकडलं गेल्याचा होता.

मग म्हणाले, “हे काढता येईल का?”

“काय काढता येईल?”

“हा मागचा आवाज. साफ होतो ना तुमच्या त्या मशिनीत?”

“नाना, पदं कुणाची आहेत?”

“माझ्या वहीत आहेत.”

“लिहिली कुणी?”

“काही ती माहेराहून घेऊन आली होती. बाकीची इथे...” मग आवाज चढला. “घरातल्या घरात तुझं-माझं काय करायचं? तिने कधी तक्रार केली? कधी एका शब्दाने म्हणाली, माझं नाव घाला म्हणून?”

“आता म्हणतेय ना.”

ते उठले. दाराशी थांबले, भिंतीचा आधार घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला शहाणपण शिकवू नकोस. तिला या खोलीतून बाहेर कुणी काढलं होतं? मी?”

मी काहीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चारला स्पीकर लावले. नाना गात होते. ओळ संपायची, श्वास, शांतता, पुढची ओळ. मागून काही नाही. पुस्तकं हलवली, त्रिकोण पुन्हा मोजला, कपाट हलवलं. तीच जोडी चांदनीत नेऊन वाजवली. दुकानदाराने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “अब तो एकदम साफ है दीदी।” त्याला वाटलं मी खूश होईन.

त्यानंतर आजतागायत नाही. नानांनी विचारलं म्हणून ती गेली, की मी गप्प बसले म्हणून? मीरादी म्हणते, तिला सांगायचं ते सांगून झालं. असेल. मला पटत नाही, पण माझ्याकडे यापेक्षा बरं काही नाही. मी आवाजाचे नियम शिकवते आणि या पाच दिवसांचं एकही समीकरण मला मांडता आलेलं नाही.

अल्बम निघाला. कव्हर मीच केलं. ‘पदरचना’ या शब्दापुढे नानांचं पूर्ण नाव मीच टाइप केलं. म्हणाल, का? ते एक्क्याऐंशीचे आहेत. पुरावा म्हणून माझ्याकडे फोनमधली रिकामी रेकॉर्डिंग्ज आणि एका स्वयंपाकिणीचा शब्द. ही झाली कारणं. खरं हे, की सगळ्या मंडळासमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. शाल-श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या. एक काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “आज वसुधावहिनी हव्या होत्या गं, किती कौतुक वाटलं असतं त्यांना!” मी हसले. मलाही मान जराशी झुकवता येते, हे त्या दिवशी कळलं.

नाना हे सदर वाचत नाहीत. तरी त्यांचं नाव इथे बदललं आहे, चार मात्रांचंच शोधून घातलं. मीरादीचं बदललं, मंडळाचं तर लिहिलंच नाही, माझंही खाली नसेल. वसुधासुद्धा खरं नाही.

इंदू खरं आहे. अकरा पदं तिची आहेत.