पेटीकाकांनी दिलेलं मत

हात वर करून घेतलेलं मत पेटीकाकांना चालत नसे. नेपरव्हिलच्या आमच्या मंडळात तेव्हा जेमतेम वीस-बावीस मराठी कुटुंबं होती. सहलीला पावभाजी करायची की मसालेभात, एवढाच प्रश्न असला तरी हा गृहस्थ गाडीच्या डिकीतून बुटांचा रिकामा खोका काढायचा. खोक्याला वर फट पाडलेली, कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या, आणि सोबत सारख्या आकाराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. "हात वर करताना माणूस शेजारच्याकडे बघते," ते म्हणायचे, "चिठ्ठी लिहिताना बघत नाही." आमची पोटं भुकेने ओरडत असायची आणि हे शांतपणे चिठ्ठ्या उलगडत बसायचे. पोरांनी त्यांचं नाव पेटीकाका ठेवलं आणि पुढे मोठ्यांनाही त्यांचं आडनाव आठवेनासं झालं.

ते मूळचे नागपूरचे, इंदोऱ्याचे. घरात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्यातला तो फोटो, त्याखाली बुद्धाची लहानशी मूर्ती. मी पुण्याच्या सदाशिव पेठेतली. मत म्हणजे बाबा सांगतील त्या चिन्हावर शिक्का मारून यायचं आणि येताना आइस्क्रीम खायचं, एवढंच मला ठाऊक. त्यावरून ते मला खूप चिडवत. एकदा मात्र न चिडवता म्हणाले, "बेटा, माझ्या आजोबाला गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. पण मतदानाच्या दिवशी पाटलाचंही एकच मत अन् माझ्या आईचंही एकच. ती डाव्या हाताने आठ दिवस भांडी घासत नसे, बोटावरची शाई जाऊ नये म्हणून." त्यानंतर खोका निघाला तरी मी कुरकुर केली नाही. निदान मोठ्याने केली नाही.

आम्ही दोघं सकाळच्या एकाच आगगाडीने शिकागोला जात असू. मी एका विमा कंपनीत होते, ते पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत. दुसऱ्यांनी काढलेले आराखडे तपासायचे आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सही करायची, हे त्यांचं काम. सही केली की पुलाची जबाबदारी त्यांच्यावर. त्यामुळे त्यांना सगळंच दोनदा वाचायची खोड होती. हॉटेलातलं मेन्यूकार्डसुद्धा मागच्या पानावरच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. वेटर दोन चकरा मारून जायचा आणि काकू कपाळाला हात लावून बसायच्या.

ब्याऐंशी साली त्यांना ॲटर्नी जनरलच्या निवडणुकीने झपाटलं. ॲटर्नी जनरल म्हणजे राज्याचा मुख्य वकील. गव्हर्नरच्या निवडणुकीवर सगळा डबा बोलत असे, पण काका मात्र या दोन वकिलांची कात्रणं कापून फायलीत लावत. "आपल्याकडे सरकारचा वकील सरकारच नेमते," ते गाडीत मला समजावत, "अन् इथे? न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे मिळून कायद्याचा माणूस निवडून देतात! हे पाहायलाच मी इथे आलो समज." शेजारी बसलेले गोरे लोक पेपर खाली करून त्यांच्याकडे बघायचे. त्यांच्यातल्या अर्ध्यांना उमेदवारांची नावंही माहीत नसावीत.

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी ते पेढ्यांचा डबा घेऊनच गाडीत चढले. काकूंनी मिल्क पावडरचे केले होते.

"काय विशेष?"

"मत दिलं काल! शाई नाही लावत इथे, तेवढंच एक वाईट वाटलं. बाकी फर्स्ट क्लास."

मी पेढा तोंडात टाकला आणि अगदी सहज विचारलं, "पण काका, तुम्ही सिटिझन कधी झालात?"

हा प्रश्न मी विचारला नसता तर काय झालं असतं, याचा मी नंतर फार विचार केला आहे. ते आधी हसले. म्हणाले, "अगं, नाव आलं ना यादीत. घरी कार्ड आलं." सप्टेंबरात वाणसामानाच्या दुकानाबाहेर टेबल टाकून एक म्हातारी बाई बसली होती. तिने नाव विचारलं, पत्ता विचारला, स्वतःच फॉर्म भरला आणि फुलीच्या जागी सही करायला सांगितलं. "सर, या राज्याला तुमच्या मताची गरज आहे," असंही म्हणाली. दोन वर्षांत या देशात त्यांच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. मेन्यूकार्ड दोनदा वाचणाऱ्या माणसाने तेवढ्या एकाच कागदावर न वाचता सही केली. आणि यादी? आपल्याकडे यादी करायला सरकारी माणूस दारात येतो. नाव बसत नसेल तर सरकारच कापतं. यादीत नाव आहे म्हणजे हक्क आहे, यात शंका घेण्यासारखं काही असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी फॉर्मची घरी ठेवलेली प्रत काढली. सहीच्या वर एक ओळ होती, की मी शपथेवर सांगतो, मी अमेरिकेचा नागरिक आहे.

"माझाच उमेदवार निवडून आला," दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "आता तोच मला पकडणार." मी हसले. ते हसले नाहीत.

तिथून त्यांचं इकडे आड तिकडे विहीर झालं. नाव काढून घ्यायचं तर का काढता ते सांगावं लागणार. दोनदा ते काउंटीच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभे राहिले आणि आपला नंबर यायच्या आधी परत आले. नाव ठेवायचं तर दर निवडणुकीला पत्रकं येणार, दारावरची घंटा वाजणार. "बाबा, देअर्स अ मॅन हिअर अबाउट युअर व्होट," असं त्यांची सुजाता दारातून ओरडली की हा माणूस तळघरात जाऊन वॉशिंग मशीन लावायचा. काकू बाहेर जाऊन "ही इज नॉट होम" म्हणायच्या. सहलीला येणारा खोकाही यायचा बंद झाला. मेन्यू काय करायचा ते आता सर्वांत मोठ्या आवाजाची बाई ठरवू लागली. खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा ती मीच असे.

पुढे आम्ही सगळे एकेक करून सिटिझन झालो. काका झाले नाहीत. मग मंडळात कुणीतरी शोध लावला की हा माणूस पक्का देशभक्त आहे, भारताचं नागरिकत्व सोडायला तयार नाही. प्रजासत्ताकदिनाला त्यांना शाल दिली! अध्यक्षांनी दहा मिनिटं भाषण केलं. काका खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी धरून मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. खरं काय ते काकूंना आणि मलाच माहीत होतं, आणि मी टाळ्या वाजवत होते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूरहून ट्रंक कॉल आला. आई ओसरीवर पडली, खुब्याचं हाड मोडलं. ती एकटी राहत होती. काका एकुलते एक. ग्रीन कार्डावर आईला बोलावता येत नाही, सिटिझन असलात तरच बोलावता येतं. नोकरी सोडून परत जावं तर घराचं कर्ज, सुजाता दहा वर्षांची, आणि तिला तर मराठीत धड उत्तरही देता येत नव्हतं. तेव्हा एकच वाट उरली, सिटिझनशिपचा अर्ज.

मी आधी भरलेला होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो. काकू पाठ करून चहा टाकत होत्या. नाव, जन्मतारीख, पत्ते सगळं भरभर झालं. मग तो प्रश्न आला. ज्यासाठी पकडले गेला नाहीत, असा एखादा गुन्हा तुम्ही जाणूनबुजून केला आहे का?

"'नाही' लिहा," मी म्हणाले.

ते पेन हातात धरून ती ओळ पुन्हा वाचू लागले.

"काका, जाणूनबुजून असं विचारलंय. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तेव्हा माहीत नव्हतं. पण चार वर्षं माहीत आहे, अन् चार वर्षं मी लपवून राहिलो."

"कोण चेक करणार आहे? आई तिथे खाटेवर पडलीय, आणि तुम्ही इथे काय तपासत बसलाय? एक शब्द लिहायचा, 'नाही'. तिकीट पाठवायचं, संपलं!"

"एक सही न वाचता केली, बेटा. ही वाचून करून राहिलो."

त्यांनी 'हो' लिहिलं, आणि सोबत जोडायला पानभर मजकूर लिहायला घेतला. काकू वळल्या नाहीत. मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि चहा न घेता निघून आले. मला फार राग आला होता. सज्जन माणसांचा मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो. त्यांच्या सज्जनपणाची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी भरत असतं.

अर्जाचं उत्तर आलं, की चौकशी चालू आहे. पुढे वर्षभर तेच. ज्या वकिलाचा सल्ला घेतला त्याने निक्षून सांगितलं, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत घेतील याची खात्री नाही. म्हणजे आईला इथे आणता येत नव्हतं आणि तिला बघायला तिथे जाता येत नव्हतं. रविवारी सकाळी ते नागपूरला फोन लावत. आईच्या शेजारी एक दवाखाना होता, तिथे तिला खुर्चीवर बसवून आणत. पहिल्या पहिल्यांदा ती विचारायची, कधी येतोस? मग तिने ते विचारणं सोडलं, नि इकडची थंडी कशी आहे एवढंच विचारू लागली. हे मला काकूंनी सांगितलं. काका माझ्याशी गाडीत आराखड्यांविषयी बोलत. मी खिडकीबाहेरचा बर्फ बघत हं-हं करत असे.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत आई गेल्या. चुलतभावाने अग्नी दिला. काकांनी दोन दिवस रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीला आले. मी त्यांच्या शेजारी बसले.

मुलाखतीचं पत्र त्याच्या पुढच्या वर्षी आलं. मुलाखतीत अधिकाऱ्याने तो पानभर मजकूर वाचला, दोन प्रश्न विचारले, म्हणाला, हे अजाणतेपणी झालेलं दिसतं, आणि शिक्का मारला. सगळं मिळून वीस मिनिटं. शपथविधीला आम्ही गेलो. काकांनी हात वर करून शपथ घेतली. सुजाताने फोटो काढले. मंडळातल्या लोकांना देशभक्त काका अखेर फितूर झाल्यासारखं वाटलं असावं. पेढे मागायला कोणी आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला रेडमंडला सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली आणि आम्ही नेपरव्हिल सोडलं. सामानाच्या ट्रकला हात लावायला काका सकाळी सातलाच हजर. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते त्यांनी मार्करने लिहून काढलं. शेवटचा खोका चढवून झाल्यावर आम्ही दोघं रिकाम्या गॅरेजमध्ये उभे राहिलो. ते घाम पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं ऐकायला पाहिजे होतं मी. 'नाही' लिहायला पाहिजे होतं."

तीन वर्षं मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. कितीदा तरी मनात मी त्यांना हे कबूल करायला लावलं होतं. आणि आता त्यांनी म्हटलंच होतं. त्यांनी असं म्हणू नये म्हणून मी काहीही दिलं असतं. मी घाईघाईने म्हणाले, "नाही हो काका, तुम्ही केलंत तेच बरोबर होतं. मीच मूर्खासारखी बोलले होते."

त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आता तू बदलू नको, बेटा," ते म्हणाले. "त्या दिवशी त्या टेबलावर माझ्या आईच्या बाजूने बोलणारी तू एकटीच होतीस."