वाघमुखी घराची गिऱ्हाइकं

आमचं महाल भागातलं घर विकायला काढलं त्या वर्षी मी हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. कंपनीची बस गाठायला पहाटे उठून सायकल हाणत जावं लागे. घरात उरलो होतो दोघंच, माय आणि मी. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. हिंगण्याच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं घर मी बघून ठेवलं होतं, पण त्याचा मालक दिवाळीपर्यंतच थांबणार होता. हे विकलं तरच ते घेता येणार होतं.

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. दर रविवारी कोणी ना कोणी येई. पुरुष भिंतींवर बोटं वाजवत, विहिरीत डोकावत, नळ किती वाजता येतो ते विचारत. सगळं पसंत पडे. मग त्यांच्या बायका मायसोबत स्वयंपाकघर बघायला आत जात, चहा होई, आणि चहा पिऊन मंडळी जी जात ती जातच. एका गृहस्थानं तर निघताना माझा हात हातात घेतला आणि "सांभाळून राहा गा" म्हणाला. घर बघायला आलेल्या माणसानं असं का म्हणावं?

माझा स्वभाव मुळात चौकस. कारखान्यात मशीन बंद पडलं तर ते का पडलं हे कळल्याशिवाय मला घास जात नसे. तेव्हा माशी नेमकी कुठं शिंकते ते शोधायचंच असं ठरवलं. पहिला संशय चहावर गेला. एका रविवारी चहा मीच केला. गिऱ्हाईक तरीही गेलं, आणि या वेळी जरा लवकरच. मग वाटलं, मोरीचा वास असेल. मग चुलीच्या धुरानं काळं पडलेलं छत. छताला चुना मारला. मान अवघडली, बाकी काही फरक पडला नाही.

शेवटी एकदा मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, सायकलची चेन काढून बसलो. चेनीला काही झालं नव्हतं. आत एक तरुण बाई होती, कडेवर लेकरू. माय तिला डबे ठेवायच्या फळ्या दाखवत होती. मग मायनं आवाज हळू केला.

"घर चांगलं आहे वं बाई. पण जागा वाघमुखी आहे. समोर रुंद, मागं निमुळती. घरच्या पुरुषावर येते म्हणतात. तुले आधीच सांगून ठेवते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळी गेल्यावर मी आत शिरलो.

"काहून सांगून राहिली वं माय? तुले यायचं नसेल तर सरळ सांग ना!"

तिचा जीव या घरात अडकलाय, अशी माझी खात्रीच होती. तिनं कपबशा खाली ठेवल्या.

"मले आज चल म्हटलं तर आज निघते. पण आम्ही हे घर घेतलं तेव्हा मले कोणी सांगितलं नव्हतं. तुझे बाबा गेल्यावर, तेराव्याच्या जेवणाले शेजारीण सांगून गेली. तिले आधीपासून ठाऊक होतं."

मी असल्या गोष्टी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. माणूस टायफॉइडनं जातो, जागेच्या आकारानं नाही, हे सांगणारच होतो, तेवढ्यात उमगलं. घरचा पुरुष आता मी होतो. बारा वर्षं ती माझ्यासाठी भीत भीत त्या घरात राहिली, आणि मला वाटत होतं तिला ते सोडवत नाही. मला माझीच लाज वाटली.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा मोटरपंपांचा एक व्यापारी आला. एकटाच होता, त्यामुळे माय स्वतःच बैठकीत आली आणि पदर सावरून तिनं त्याला वाघमुखीचं सांगितलं. मी अडवलं नाही. तो हसला.

"दुकानाले तर वाघमुखीच लागते, माय. तेच ऐकून आलो मी."

माझा जीव भांड्यात पडला. तिचा नव्हता पडला.

"अन् राहाले कोण येईल?"

"कोणी नाही. रात्री कुलूप."

"एखादा नोकर झोपेल?"

"कोणीच नाही, माय."

तिनं ते त्याच्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दे त्याले."