एकेचाळीस वर्षांचा चेहरा

मला रंगभूषाकार म्हणू नका. रंगभूषाकार मुंबईत असतात. मी रत्नागिरीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि कुठं नाटक असलं की माणसं रंगवायचो, बस्स. पत्र्याच्या पेटीत सफेदा, काजळ, खोट्या दाढ्यामिशा आणि त्या चिकटवायचा गम, एवढा माझा संसार. म्हातारा करायचा म्हणजे कपाळावर काजळाच्या तीन रेघा, गालांवर दोन-दोन आणि केसांत पावडर. तोंडावर रेल्वेचे रूळ टाकतोस म्हणून मला कुणी कधी बोललं नाही, कारण आमच्याकडे तेव्हा रेल्वेच नव्हती.

ऐंशी सालानंतर गावात व्हिडिओ आला. बोटीवर नोकरीला असलेल्या आमच्या एका शेजाऱ्यानं परदेशातून यंत्र आणलं आणि त्याच्या भावानं माडीवर बाकडी टाकून खेळ सुरू केले. एक दिवस त्यानं मला रस्त्यात हाक मारली. "मेल्या, तुझ्या कामाचं पिक्चर आलंय. मेकअपला तिकडचं मोठं बक्षीस आहे म्हणे. मारामारी नाही, गाणी नाहीत, कुत्रं यायचं नाही बघायला. तू तरी ये."

गेलो. एका माणसाची विसाव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंतची गोष्ट होती. भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण अर्ध्या तासात मी बाकावरून उठून टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर जाऊन बसलो. नट तोच होता, हे मला ठाऊक होतं, आणि तरी तो माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा होत होता. कुठं रेघ म्हणून नाही. कानाच्या पाळ्या लांबल्या होत्या! अहो, म्हाताऱ्या माणसाचे कान मोठे दिसतात हे मी जन्मभर बघत आलो होतो आणि एकदाही मनावर घेतलं नव्हतं. मानेची कातडी सैल, पंज्यावर तपकिरी डाग, डोळ्यांखाली पाणी साचल्यासारखी सूज. मी व्हिडिओवाल्याला म्हणायचो, थांबव, थांबव तिथं. चित्र थांबवलं की ते थरथरायचं, मधून पांढरे पट्टे धावायचे, आणि यंत्र बिघडेल म्हणून तो माझ्या नावानं शिमगा करायचा. तसं मी ते पिक्चर अकरा वेळा बघितलं.

सहाव्या की सातव्या वेळी मला त्यातली खरी गोम कळली. तो नट तरुणपणी हसताना एकच गाल वर उचलायचा. ऐंशीव्या वर्षी तोच गाल जास्त चुरगळलेला होता. म्हणजे ज्या माणसाला बक्षीस मिळालं, त्यानं म्हातारपण वरून थापलं नव्हतं. हा माणूस साठ वर्षं कुठं हसला, कुठं कपाळाला आठी घातली, उन्हात होता की सावलीत, हे त्यानं आधी ठरवलं आणि तिथंतिथं सुरकुती पाडली. मला त्या न बघितलेल्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. आणि खोटं कशाला बोलू, रडूही आलं. पस्तिशी उलटली होती आणि मी आजवर केलं काय, तर लोकांची तोंडं बरबटवली होती.

मग मला वेडच लागलं. त्यांच्याकडचं रबर-बिबर आपल्याकडं कुठलं? मी अंड्यातला पांढरा भाग घेतला, कातडी बोटांनी ताणून धरून त्यावर लावला, वाळला की बोटं सोडली. कातडी सुरकुतली. अस्सल! रोज आरशासमोर बसून मी म्हातारा व्हायचो. बायको म्हणाली, "अहो, तोंडाला फासण्यापेक्षा पोळी तरी करू त्याची. आणि म्हातारे व्हायची एवढी घाई कसली?"

त्या वर्षीच्या नाटकात आमच्या आळीतला एक सत्तावीस वर्षांचा मुलगा बापाचं काम करत होता. कचेरीत शिपाई होता बिचारा, फार गुणी. त्याला मी नव्या तऱ्हेनं रंगवला. तो रंगमंचावर आला तेव्हा पहिल्या रांगेतली माणसं पुढं वाकली. नाटक संपल्यावर त्याची आई आत आली. मी तिला काकी म्हणायचो.

काकी मूळची पूर्णगडची. तिचा थोरला मुलगा एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून मुंबईला गेला. दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. कुणी म्हणे गिरणीत आहे, कुणी म्हणे बोटीवर लागला. बाप वारला, पूर्णगडचं घर पडलं, धाकट्याला इथं नोकरी लागली तेव्हा काकी त्याच्याबरोबर रत्नागिरीला आली. तेव्हापासून रोज सकाळी मुंबईची गाडी यायच्या वेळेला ती एस.टी. स्टँडवर जाऊन उभी राहायची. पाऊस असो, ताप असो. थोरल्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

काकी धाकट्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "ह्याचा म्हातारा केलास ना? मग ह्याच्यावर थोरल्याचा आजचा चेहरा काढून दाखव. दोघं एका तोंडाची. माझ्या डोळ्यांसमोर अजून तो फोटूतला एकोणीसचाच हाय रे. एकेचाळीसचा बाप्या गाडीतनं उतरला तर मी वळखणार कशी? माझ्या समोरनं निघून गेला तर?"

मी हो म्हटलं. तिची दया आली म्हणून म्हटलं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मला ते करून बघायचं होतं, हे खरं कारण. त्या बक्षीसवाल्यानं केलं ते मला करता येतं का, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन काकीला विचारत बसलो. हसायचा कसा? नाक मुरडून. रागावला की? डावी भिवई खाली यायची. इथपर्यंत ठीक. पुढं काय? बावीस वर्षं उन्हात गेली की गिरणीच्या छपराखाली? खाऱ्या वाऱ्यात की कापसाच्या धुळीत? लग्न झालं असेल? दारू? सुखात असेल की कसं? काकीनं माझ्याकडं बघितलं. "ते मला ठावं असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

तिथंच हात जोडायला हवे होते. काकी, हे माझ्याच्यानं होणार नाही, म्हणायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करायची हौस! मी ठरवलं, मुंबईची चाळिशीतली माणसं दिसतात कशी ते बघू. आठ दिवस सकाळी वही घेऊन स्टँडवर गेलो. चाकरमानी उतरत होते, रात्रभर अवघडलेले, तोंडं सुजलेली. एका जयगडच्या माणसाचं कपाळ मला आवडलं, मधोमध उभी चीर पडलेलं. पालीला जाणाऱ्या दुसऱ्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या घेतल्या. तिसऱ्याचे बसलेले गाल. माझ्यापासून वीस पावलांवर खांबाला टेकून काकी उभी असायची आणि तीच माणसं बघत असायची. तेव्हा तरी ट्यूब पेटावी की नाही माणसाची? नाही पेटली.

रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत धाकट्याला स्टुलावर बसवला. काकीला म्हटलं, पुरं होईपर्यंत आत थांब. तीन तास लागले.  धाकटा मध्येच म्हणाला, "दादा गेला तेव्हा मी पाच वर्षांचा. मला तो आठवत पण नाही. आई त्याच्यासाठी रोज स्टँडवर जाते. मी रोज कचेरीतनं येतो, तर कधी दारापर्यंत आली नाही." मी म्हटलं, बोलू नको, अंडं तडकेल. आज लिहिताना माझी मलाच शरम वाटते. पण तेव्हा मी त्याच्या कानांमागे रंग लावत होतो आणि तो चेहरा होत चालला होता. खरंच होत चालला होता! आयुष्यात एवढं चांगलं काम मी केलं नव्हतं आणि पुढंही केलं नाही.

मी काकीला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. मग जवळ आली, वाकली, त्याच्या कपाळावरच्या चिरेला बोट लावलं. मला वाटलं, आता रडेल. माझी छाती फुगली होती, काय सांगू.

"हा येऊन गेला," काकी म्हणाली.

"कोण?"

"हाच. गेल्या शिमग्याला. मुंबईच्या गाडीतनं उतरलान. खाकी पिशवी होती हातात. माझ्याकडं बघितलान. मला विचारलान, पूर्णगडची गाडी कुठं लागते? मीच हात करून दाखवली रे त्याला. मीच दाखवली."

ती खाली बसली आणि कपाळ बडवून घ्यायला लागली. गणपती करायला गेलो आणि माकड झालं. मी ओरडून सांगितलं, "काकी, तो तुझा मुलगा नाही! हे कपाळ जयगडच्या माणसाचं आहे, डोळे पालीकडच्याचे. ती माणसं तू रोज बघतेस, म्हणून तुला ओळखीची वाटतात." धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसायला सुरुवात केली. अंड्याच्या खपल्या निघाल्या, रंग गळ्यावर आला. "आई, मी आहे. मी आहे गो." काकी त्याला म्हणाली, "तू गप."

मी आणखी सात-आठ सकाळी स्टँडवर घालवल्या, तेव्हा पुन्हा गावी आलेला तो जयगडचा माणूस सापडला. त्याला सगळं सांगून काकीसमोर नेऊन उभा केला. भला माणूस, आला. काकीनं त्याला चहा दिला, तुझी आई बरी हाय का म्हणून विचारलं, आणि मला म्हणाली, "हा नव्हे. तो माझा होता." धाकटा पूर्णगडला जाऊन दारोदार विचारून आला. शिमग्यात तसं कुणीच आलं नव्हतं. काकी म्हणाली, "पडलेलं घर लांबनंच बघितलान असेल आणि फिरला असेल माघारी. तापट हाय. कुणाला विचारायचा नाय."

तिच्या त्या बोलण्यापुढं काही चालेना. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्टँडवर जायचं बंद केलं. मी एकदा म्हटलं, काकी, जात का नाहीस? तर म्हणाली, "आता कशाला? तो येऊन गेला." रत्नागिरीला आल्यापासून त्या येरझारीवर ती जगली होती. ती संपल्यावर जेवण तुटलं, उठणं तुटलं. मुंबईची गाडी आल्याचा हॉर्न आमच्या आळीत ऐकू यायचा, तेव्हा ती भिंतीकडं तोंड करायची. दुसरा गणपती काही तिनं बघितला नाही.

मी पुन्हा काजळाच्या तीन रेघांवर आलो. लोक म्हणाले, अरे, तुझी ती नवी कला कुठं गेली? मी म्हटलं, गेली खड्ड्यात. तीन रेघांच्या म्हाताऱ्यात कुणाला आपलं माणूस दिसत नाही. ते बक्षीसवालं पिक्चर पुन्हा लागलं तेव्हा व्हिडिओवाल्यानं निरोप पाठवला. मी गेलो नाही.

धाकट्यानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. रस्त्यात भेटला की नुसता हसायचा. तेरा-चौदा वर्षं गेली. एक दिवस सकाळी मी पाटी रंगवत होतो, तर तो समोर येऊन उजेडात उभा राहिला.

"बघ," तो म्हणाला. "एकेचाळीस लागलं मला."

मी ब्रश खाली ठेवला. कपाळ बघितलं. मधोमध चीर नव्हती, आडव्या दोन बारीक आठ्या होत्या. डोळ्यांखाली पिशव्या नव्हत्या. गाल भरलेले होते. कान मी केले होते तसे नव्हते. मी फिरून फिरून बघितलं, तो मान वळवून दाखवत राहिला.

"जुळतं काही?"

"काही नाही," मी म्हटलं.

तो उजेडातून बाजूला झाला. मग म्हणाला, "म्हणजे तो आला नव्हता. आईनं स्टँडवर जायचं सोडायला नको होतं."