गौरीच्या ताटात पुरण

विठाबाईंना पहाटेपासून एका जागी बसवत नव्हतं. डाळ शिजली, पुरण वाटून झालं, तरी त्या उठून उठून पातेल्यात डोकावत होत्या. बिघडलं की जमलं, हे कळायला आधी कधी केलेलं तर हवं! खरवईतल्या या घरात गौर म्हणजे मटण, वडे आणि तांदळाची भाकरी. नैवेद्याच्या वेळी गणपतीपुढे चादर धरायची, त्याला मटण दिसता कामा नये, आणि गौरीला मात्र पोटभर वाढायचं. सासूने शिकवलेलं हे विठाबाईंनी तीस वर्षं पाळलं होतं.

पण यंदा अंबरनाथहून विहीणबाई, माधवीताई, पहिल्यांदाच गौरीला जेवायला येणार होत्या. मंडळी साताऱ्याकडची, पुरणाचा नैवेद्य करणारी. मुलाच्या, प्रज्वलच्या, लग्नात त्यांच्यातल्या एका म्हातारीने "गौरीला मटण? शिव शिव," म्हणत नाक मुरडलं होतं. ते विठाबाईंच्या मनात असं रुतून बसलं की यंदा मटण आणायलाच त्यांनी नवऱ्याला मनाई केली.

"आई, माझ्या घरचं कुणी काही म्हटलंय का?" सून राजसीने विचारून पाहिलं.

"तुला नाय कळायचं. पोळ्या लाट."

निम्म्या पोळ्या फाटल्या. धडक्या निवडून गौरीला नैवेद्य दाखवला, तेव्हा विठाबाईंना तिच्या मुखवट्याकडे बघवेना. आपण तिला उपाशी ठेवतोय, असंच त्यांना वाटत राहिलं. पंगत बसली तरी त्यांची नजर विहिणीच्या तोंडावरून हलेना.

माधवीताई जेवल्या, पोळीचं कौतुकही केलं. मग जरा संकोचून म्हणाल्या, "विहीणबाई, मटणाचा नैवेद्य संध्याकाळी असतो का? राजसीने फोनवर सांगितल्यापासून वाट बघतेय मी. माझ्या आजोळी, चिपळूणकडे, असायचा. लग्न झालं आणि सुटला तो सुटलाच."

विठाबाईंनी पोळ्यांचं ताट उगाच पुढे सरकवलं. खरं सांगायचं, तर आपल्याला आपल्याच गौरीची लाज वाटली हे कबूल करावं लागणार.

"आमच्यात नाय तसं काय," त्या बोलून गेल्या.

माधवीताईंचा चेहरा उतरला. त्या लेकीकडे वळल्या. "मग तू काय सांगत होतीस गं मला?"

राजसीने एकदा सासूकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती म्हणाली, "मलाच नीट कळलं नसेल."