दिवाणसाहेबांची नजर

वाचनालयात जन्म काढला की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्या लोणावळ्याच्या वाचनालयातले निम्मे किस्से तर भिंतीवरच्या एका तैलचित्राचे. मागच्या शतकात कुठल्याशा संस्थानचे दिवाण होते, म्हातारपणी इथं बंगला बांधून राहिले, त्यांचं. इतकं हुबेहूब की हातावरच्या शिरा दिसायच्या. आणि खोलीत कुठंही उभे राहा, नजर तुमच्यावरच!

*

आमचे शिपाई दगडूआबा टाकवे गावचे. नवीन होते तेव्हा त्यांनी सकाळची झाडलोट आटोपून दिवाणसाहेबांच्या कपाळाला गंध लावलं. सेक्रेटरी वकीलसाहेब भडकले. "अहो, देवदेवस्कीविरुद्ध जन्मभर भाषणं केली या माणसानं!"

आबा म्हणाले, "आसंल. पर बगतोय द्येवावानीच."

*

ते गंध काढायला कामशेतचे उस्मानभाई आले. तसबिरींच्या चौकटी करायचे. कापलेला बटाटा हलक्या हातानं फिरवून त्यांनी कपाळ साफ केलं, पण डोळ्यांना काही हात लावीनात.

"का हो उस्मानभाई?"

"भाऊ, मी पुसताना यांनी मिटले तर?"

आम्ही हसलो. उस्मानभाई हसले नाहीत.

*

पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही बुरशी येते. म्हणून चित्राखाली कोळशाची शेगडी ठेवायचो. एका आषाढात तरीही पगडी, कोट, चौकट सगळं पांढरं झालं. चेहरा मात्र नुकताच धुऊन आल्यासारखा स्वच्छ.

"रंगातच काहीतरी असेल," वकीलसाहेब म्हणाले, आणि आपली खुर्ची उचलून चित्राकडे पाठ करून मांडली.

*

पेपर वाचायला येणारे एक पेन्शनर एकदा म्हणाले, "आज तुमचे दिवाणसाहेब माझ्याकडे बघत नाहीयेत. कुठूनही पाहिलं तरी नजर आपली दाराकडेच."

"पुस्तकं उशिरा परत करता, रुसले असतील," मी म्हटलं. त्याच आठवड्यात त्यांचं पुस्तक त्यांच्या मुलानं आणून दिलं. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

पुढे कान्हे गावच्या एका बाईचंही तसंच झालं. मग काय, पार इंदुरी गावापर्यंतची माणसं देवळात कौल लावावा तशी चित्रासमोर येऊन उभी राहायला लागली. 'बगतोय' म्हणायची, सुटकेचा श्वास टाकायची, जायची. मी त्यांच्यावर चिडायचो. पण सकाळी आत शिरताना आधी वर बघायचो, हेही खरं.

*

लढाई चालू होती. दगडूआबांचा एकुलता एक शंकर पलटणीत. समुद्रापार जायच्या आधी रजेवर आलेला. आबांनी त्याला वाचनालयाच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. निघायच्या दिवशी गाडीला वेळ होता, म्हणून पोरगा आपणच बापाला भेटायला आला. ट्रंक दारात ठेवून त्यानं चित्राकडे पाहिलं.

"आबा, समदी म्हंत्यात ह्यो बगतो म्हून. माझ्याकडं तर न्हाई बगत. दाराकडं बगतोय."

आबांनी झाडू खाली ठेवला, आम्हां दोघांना बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आत ते बोलत होते. कुणाची तरी समजूत घालावी तसा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

बऱ्याच वेळानं दार उघडून त्यांनी शंकरला आत घेतलं. "आता बग."

"आता बगतोय की. नीट माझ्याकडंच."

आबांनी स्वतः मान वर केली. या कोपऱ्यातून पाहिलं, त्या कोपऱ्यातून पाहिलं. मग पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि कमरेच्या किल्ल्या सोडून माझ्या हातात दिल्या.

"भाऊ, ह्याला गाडीत बशिवतो. उद्यापासनं दुसरा मानूस बगा."