पेटी, अण्णा आणि निघून गेलेली डिझेल गाडी

माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची दोन वर्षं मी इंग्लंडात, डिझेल गाडीच्या खिडकीला डोकं टेकवून काढली. हे वाक्य मी हल्ली मेधासमोर म्हणत नाही. आमचं लग्न त्यानंतरचं आहे.

शिकत असताना मी तिथल्या आडगावांतून रोज तसल्या गाडीनं जायचो. इंजिन पायाखालीच, त्यामुळे गाडी उभी असली की सीट थरथरायची, चष्मा थरथरायचा, दातही थरथरायचे. पुढच्या बाकावर जागा मिळाली तर ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेतून समोरचे रूळ दिसायचे. (राजवाड्यात राहणाऱ्यांना याहून जास्त काय मिळत असेल?) पुढे न्यूझीलंडला आलो, पापाकुराला एका फार्मसीत लागलो, आणि नव्वदच्या दशकात ऑकलंडमध्ये तशाच थरथरत्या, दुसऱ्या देशात वापरून झालेल्या डिझेल गाड्या धावू लागल्या. मला माहेर भेटलं.

एका वर्षी सासूबाई आणि सासरे, म्हणजे अण्णा, नाशिकहून आले होते. गुढीपाडव्याचा कार्यक्रम पेनरोजजवळच्या एका हॉलमध्ये होता. सुरुवातीची नांदी मेधा म्हणणार आणि पेटीवर मी. दारात चांगली गाडी उभी असताना मी जाहीर केलं की आपण ट्रेननं जायचं. मेधा म्हणाली, पेटी कोण उचलणार? मी म्हणालो, मी. ती आणखी काही बोलणार होती, पण आईवडिलांसमोर नवऱ्याला किती बोलावं याचा तिचा त्या दिवसाचा कोटा सकाळीच संपला होता.

पापाकुराला मी सगळ्यांना अगदी पुढच्या बाकांवर बसवलं. "आता बघा अण्णा, समोर रूळ दिसतील." गाडी सुटली ती उलट्या दिशेनं. रूळ दिसले, पण मागे पडत जाणारे. सासूबाईंना उलटं बसलं की मळमळतं, हे मला तेव्हा समजलं. आमची आठ वर्षांची इरा मात्र खूश होती. तिला मी एकेका थरथरीचा अर्थ सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, इट्स अ ट्रेन. इट्स नॉट अ पेट."

पेनरोज आलं. सासूबाईंनी सीटवर मांडी घालताना काढलेली एक चप्पल थरथरत कुठेतरी सरकली होती. मेधा आणि इरा बाकाखाली वाकून ती शोधू लागल्या. मी त्यांना धीर दिला, घाई करू नका, सामान उतरेपर्यंत गाडी थांबते. (इंग्लंडात एकदा थांबली होती.) मी पेटी घेऊन उतरलो, मागोमाग काठी टेकत अण्णा.

आणि इंजिनाचा तो आवाज आला. मी पेटी खाली ठेवली, डोळे मिटले.

"ऐका अण्णा. आता हा आवाज चढेल."

चढला.

"आता गिअर बदलेल."

बदलला.

"आता हळूहळू लांब जाईल."

"गेला," अण्णा म्हणाले. "मेधाही गेली."

डोळे उघडले तर फलाटावर मी, अण्णा आणि पेटी. गाडीच्या शेवटच्या खिडकीत सासूबाई दिसल्या. त्यांच्या हातात चप्पल होती.

अण्णांचं मत होतं की आपण इथंच थांबावं, मुलगी हुशार आहे, ती परत येईल. मी म्हणालो, मेधा पुढच्या स्टेशनवर, म्हणजे एलर्स्लीला, घाबरून उभी असेल, आपणच जाऊ. बऱ्याच वेळानं पुढची गाडी आली. आम्ही पेटीसकट चढलो. मध्येच शेजारच्या रुळावरून समोरून एक गाडी गेली आणि तिच्या खिडकीत मला मेधा दिसली. ती मला दिसली तसा मीही तिला दिसलो. घाबरलेली मुळीच वाटली नाही.

एलर्स्लीला परतीच्या गाडीची वाट बघणं अण्णांनी साफ नाकारलं. त्यांनी काठी उंचावून रस्त्यावरचा एक ट्रक थांबवला. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेल्या धिप्पाड ड्रायव्हरनं "किया ओरा" असा तिथला नमस्कार केला, पेटीकडे बघून त्यानं आत कुणी आहे का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर "स्वीट ॲज", म्हणजे मग काही हरकत नाही, म्हणून ती मागे कुत्र्याशेजारी ठेवली. अण्णा पुढे बसले. मला कुत्र्याशेजारी जागा मिळाली.

हॉलच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून टाळ्या ऐकू येत होत्या. नांदी झाली होती, पेटीवाचून. मंडळाचे अध्यक्ष धावत आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"अहो, मेधाताईंचा आवाज इतका गोड आहे, हे आम्हाला इतक्या वर्षांत आज कळलं."

पुढच्या पाडव्याच्या आधी त्यांचा फोन आला. नांदी मेधाताईच म्हणणार होत्या. माझ्यासाठीही त्यांनी आठवणीनं एक काम ठेवलं होतं, पार्किंगचं. आणि शक्य झाल्यास, ते अतिशय आदरानं म्हणाले, तुम्ही ट्रेननंच या.